कॉलरीचं चर्च : माणसं एक नंबर, टाइमटेबल मात्र बंद खाणीचंच

चार स्टार देऊन राहिलो. पाचवा काहून कापला ते पुढं येईलच. आधी एक सांगून ठेवतो, मी ख्रिश्चन नाही. आमच्या घरी भिंतीवर बुद्ध अन् बाबासाहेब आहेत, पण या चर्चच्या कंपाउंडातल्या शाळेत मी शिकलो, इथल्याच सिस्टरच्या दवाखान्यात टाके घेतले, अन् अजूनही रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य प्रार्थना, सुटली की टिनाच्या शेडखाली चहा प्यायला जातो. बाहेरून आला, दोन फोटो काढले अन् गेला, असा हा रिव्ह्यू नाही. ज्याला उंच पांढरं चर्च, रंगीत काचा, आत थंडगार असं काही पाहिजे त्यानं इकडं वेळ घालवू नये, मे महिन्यात तर नाहीच, चंद्रपूर जिल्ह्याचा पारा ४७ च्या वर जातो अन् इथं वर सिमेंटचे पत्रे आहेत.

कुठं आहे म्हणाल तर वर्धा नदीच्या काठानं जो कोळशाचा पट्टा आहे, घुग्घुस, माजरी, भद्रावती, नदीपलीकडं वणी, त्यातल्याच एका बंद कॉलरीची, म्हणजे कोळसा खाणीची, कॉलनी. रस्ता नावालाच, पुढं कोळशाचा ट्रक अन् मागं त्याची धूळ. टू व्हीलरवर येत असाल तर पांढरा शर्ट घालू नका अन् तोंडाला रुमाल बांधा. जुन्या हाजरीघराच्या चौकातून आत वळलं की क्वार्टरच्या रांगा लागतात. अर्ध्यांना दारं नाहीत, खिडक्यांचे गज लोकांनी काढून भंगारात विकले, मधेच एखाद्या क्वार्टरपुढं कुंड्या अन् डिश दिसली की समजायचं इथं कोणी तरी राहून राहिलं. रांगा संपल्या की चर्च. पार्किंगची काही चिंता नाही, गाड्या लावायला सगळी कॉलनीच मोकळी आहे.

या पट्ट्यात खाण बंद होणं काही नवीन नाही. वरोऱ्याची खाण इंग्रजांच्या काळात सुरू झाली अन् १९०६ मध्ये बंदही पडली. आमच्याकडं फरक एवढाच की बंद पडतानाही कोणाला कळलं नाही. १९७३ ला राष्ट्रीयीकरण झालं, सरकारी नोकरी झाली, क्वार्टर, दवाखाना, कँटीन, सगळं आलं, अन् मंग हळूहळू अंडरग्राउंडचा कोळसा महाग पडायला लागला, वरून उघडी खणायची ती ओपनकास्ट, तिचा स्वस्त. एक एक इन्क्लाइन, म्हणजे खाली उतरायचा तिरका बोगदा, बंद, माणसं रिटायर, त्यांच्या जागी कोणी नाही. आता बाजूला मोठी ओपनकास्ट आहे, कोळसा पहिल्यापेक्षा जास्त निघतो म्हणतात, पण काढणारे ठेकेदाराचे ड्रायव्हर, ते कंटेनरमध्ये राहतात अन् सुट्टीला आपल्या गावी जातात. म्हणजे कोळसा आहे, कॉलरी नाही. बँक गेली, पोस्ट गेलं, कंपनीचा दवाखाना एक कंपाउंडर अन् एक कुलूप यावर आला. राहिलं काय, तर एक किराणा दुकान, एक विहार, एक हनुमान मंदिर, एक मशीद अन् हे चर्च. त्यातही बुधवार सोडून रोज सकाळी ज्याचं ऑफिस उघडतं असं हे एकच, म्हणून आधार कार्डाच्या चुकीपासून पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यापर्यंत लोक फादरच्या पायरीवर येऊन बसतात, मंग ते कोणत्या का धर्माचे असेनात.

इमारतीबद्दल. लांबट हॉल, पुढं छोटा मनोरा, घंटा चांगली आहे, लांबपर्यंत जाते. बाक मात्र जवळून पाहा. खाणीत छताला टेकू द्यायला लाकडी खांब लावायचे, प्रॉप म्हणायचे त्याला, त्यातले जे आखूड पडले, वाकडे निघाले ते सुतारशॉपमधल्या लोकांनी सुटीच्या दिवशी रंधून त्याचे बाक केले. डाव्या बाजूच्या बाकांखाली हात फिरवला तर कुऱ्हाडीचे टवके अन् लोखंडी छापाचे आकडे अजून हाताला लागतात. पॉलिश एकदाही नाही, घामानंच चकचकीत झाले. मागच्या दोन रांगा आता फायबरच्या खुर्च्यांच्या, त्या डोळ्यात खुपतात, पण गुडघे गेलेल्या लोकांना त्याच बऱ्या पडतात.

अन् भिंतीवरच्या काचा पाहा. रंगीत नाही, साध्या काचेच्या बोटभर पट्ट्या. ओपनकास्टचं ब्लास्टिंग दुपारी होतं, दोनच्या आसपास, खिडक्या वाजतात, वेदीवरच्या मेणबत्त्या थरथरतात, अन् वर्षानुवर्षं हे चालू म्हटल्यावर भिंतीला भेगा पडल्या. तर इथल्या एका रिटायर ओव्हरमन, म्हणजे खाणीतल्या पाळीवर देखरेख करणाऱ्या, काकांनी खाणीतली अक्कल इथं लावली, प्रत्येक मोठ्या भेगेवर आडवी काचपट्टी सिमेंटनं चिकटवली अन् बाजूला पेन्सिलनं तारीख टाकली. पट्टी तडकली म्हणजे भेग वाढली, नवीन पट्टी, नवीन तारीख. उजव्या भिंतीवर एका भेगेला एकाखाली एक पट्ट्या लागल्या आहेत. लोक प्रार्थना करता करता तिकडं एक नजर टाकतातच. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर पाहता पाहता जमिनीत गेलं, खाली जुनी अंडरग्राउंड खाण होती, तेव्हापासून इकडं भेग म्हटली की कोणी हसण्यावारी नेत नाही. कंपनीला अर्ज झाले, माणसं येऊन फोटो काढून गेली, पुढं काही नाही.

आता मिस्सा. हे चर्च लॅटिन, म्हणजे रोमच्या पद्धतीचं, नाही, सिरो मलबार आहे, म्हणजे केरळच्या जुन्या परंपरेतलं. चांदा धर्मप्रांत, म्हणजे चर्चचा इथला इलाका, १९६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढून सिरो मलबारवाल्यांना दिला, केरळच्या बाहेर त्यांना मिळालेलं हे पहिलं मिशन, १९७७ मध्ये पूर्ण धर्मप्रांत झाला, बिशपचं मुख्य चर्च बल्लारपूरला. चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा हे तिन्ही जिल्हे त्यात येतात. म्हणून फादर बहुतेक केरळचे असतात. लोकांना वाटतं भाषेची अडचण येत असेल, तर तसं काही नाही, जो येतो तो वर्षभरात मराठी बोलायला लागतो अन् फादरचा ‘ळ’ आमच्या खेड्यातल्या पोट्ट्यांपेक्षा पक्का असतो, आमचे पोट्टे अजून ‘डोया’ अन् ‘काया’ करून राहिले. अडचण वेगळी आहे, फादर माणसं ओळखायला लागला, कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, कोणाचा पोरगा पितो, कोणाला थेट मदत चालत नाही हे त्याला समजायला लागलं की त्याची बदली. नवा येतो, पुन्हा पहिल्यापासून.

मिस्सा एका रविवारी हिंदीत, एका रविवारी मराठीत, अन् महिन्यातून एकदा मल्याळीत वेगळी. कारण इथली माणसं एका जागची नाहीतच. तेलुगू आहेत, आदिलाबाद करीमनगरकडून लोडर म्हणून आलेल्यांची तिसरी पिढी. छत्तीसगड अन् झारखंडकडचे आहेत. मल्याळी नर्सा, फिटर होते, त्यातले पुष्कळसे केरळ एक्सप्रेसनं परत गेले, जे राहिले ते इथलेच झाले. अन् आपले मराठी, संख्येनं कमी पण गाण्यात पुढं, पेटी अन् ढोलकी दोन्ही त्यांच्याच हातात. गाणं सुरू झालं की मजा येते. तेवढ्यात माइक शिट्टी मारतो. साउंड सिस्टिमवर खरंच बोलायला पाहिजे, प्रवचन अर्धं कळतं, अर्धं पत्र्यावर आदळून परत येतं. २०२१ च्या नोव्हेंबरात केरळहून नियम लागू झाला की फादरनं अर्धी मिस्सा लोकांकडं तोंड करून अन् अर्धी वेदीकडं तोंड करून म्हणायची, तिकडं एर्नाकुलमला त्यावरून केवढे तंटे झाले. इथं एका मावशीनं एवढंच विचारलं, “फादर आमच्याकडं पाठ करतील तेव्हा तो माइक वळवता येईल का?” अजून वळला नाही.

पाचवा स्टार कुठं गेला ते आता. रविवारची पहिली मिस्सा सकाळी ६ ला अन् दुसरी संध्याकाळी ५ ला. काहून? कारण पहिली पाळी सुरू व्हायच्या आधी लोकांना जमलं पाहिजे अन् पाळी सुटल्यावर अंघोळ करून यायला वेळ मिळाला पाहिजे. कोणती पाळी बाप्पा? भोंगा बंद होऊन जमाना झाला. सकाळी ६ च्या मिस्सेला सिस्टर, चर्चचं सामान सांभाळणारे सॅक्रिस्टन काका अन् ज्यांना तशीही झोप येत नाही असे म्हातारे, बस. अन् ज्यांची लेकरं जवळच्या बाजारगावात भाड्यानं राहून राहिली, मोबाइल दुकानात, कॉलेजात, खासगी दवाखान्यात कामाला लागली, ती पोट्टी ९ ला उठतात, त्यांच्यासाठी वेळच नाही. दोन वर्षं झाली, पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे चर्चच्या लोकांच्या समितीच्या, प्रत्येक मीटिंगमध्ये ९ ची मिस्सा ठेवा हा मुद्दा येतो अन् तेच चार जण उभे राहतात, आमच्या बापाच्या वेळपासून हीच वेळ आहे म्हणतात. चौघंही रिटायर. चौघांच्याही घरातलं तरुण कोणी चर्चला येत नाही. आता काय बोलायचं. फादर बिचारा दोन्हीकडून मार खातो, मुद्दा टाळायला प्रार्थनेनं मीटिंग संपवतो.

बरं, चर्च इथंच ठेवून बाजारगावात एखाद्या हॉलमध्ये रविवारी मिस्सा सुरू करा, हे मी बाहेरचा असून दहा वेळा सांगितलं. माणसं तिकडं गेली, तुम्ही इकडं घंटा वाजवून राहिले. पण जमीन, इमारत, दफनभूमी सगळं इकडं, अन् सोडलं की कंपनी ताब्यात घेईल ही भीती. ती भीती खोटी नाही, हेही सांगतो. दफनभूमी कंपनीच्या लीजमधल्या जमिनीवर आहे अन् ओपनकास्टच्या मातीचा ढीग दर पावसाळ्यात तिच्याकडं सरकून राहिला. मागच्या कोपऱ्यातले क्रूस तर आता मातीनं अर्धे झाकले. त्याबद्दल एकमेकांत चिडतात सगळे, पण ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटणारं कोणी नाही, कारण अर्ध्यांची पेन्शन त्याच ऑफिसातून, अन् उरलेल्यांचा पोरगा ठेकेदाराकडं.

आता चार स्टार कशाचे ते. मयत फंड. हे नाव ऐकून घाबरू नका. राष्ट्रीयीकरणाच्या आधीची पद्धत आहे म्हणतात, खाणीत माणूस गेला की त्याच्या पाळीतले सगळे काही तरी टाकायचे. खाण गेली, फंड चर्चच्या शेडमध्ये आला. एक हिरवी जाड वही आहे, त्यात घराघराचं नाव, अन् कोणी गेलं की प्रत्येक घरातून ठरलेले पैसे अन् एक माणूस कामाला. माणूस द्यायचाच, पैसे देऊन सुटका नाही. कोणी खड्डा खोदतं, कोणी चुलीवर बसतं, कोणी गाडी घेऊन वणीला सामान आणायला जातं. वहीत ख्रिश्चन नसलेली घरंही आहेत, आमचंही आहे. माझे बाबा गेले तेव्हा विधी विहारात झाला, भंतेजी आले, अन् चुलीवर चर्चची तेलुगू माणसं, भातात मीठ जास्त पडलं म्हणून त्यांची आपसात जोरात भांडणं चालू होती, मला त्याचंच बरं वाटलं. ज्यांची बदली झाली, जे पुण्याला गेले, नागपूरला गेले, त्यांचीही नावं कापत नाहीत, समोर फक्त फोन नंबर लिहितात, अन् फोन गेला की माणूस येतोही, नाही तर पैसे ऑनलाइन टाकतो अन् दुसऱ्या मयतीला दोन दिवस राबून जातो. असली सर्व्हिस कोणती सोसायटी देते सांगा.

वहीचा अजून एक किस्सा. इथं ख्रिश्चन किती, तर फादरच्या ऑफिसातलं रजिस्टर एक सांगतं, वही एक सांगते, अन् बाकावर बसलेली माणसं तिसरंच. रजिस्टरमध्ये कमी, बाकावर जास्त. लोक म्हणतात चर्चवाले आकडा लपवतात. तसं काही नाही, कारण साधं आहे. अनुसूचित जातीचा माणूस कागदावर ख्रिश्चन झाला की राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाप्रमाणं त्याची सवलत जाते. शिखांना १९५६ मध्ये मिळाली, आम्हा बौद्धांना १९९० मध्ये केंद्रात मिळाली, यांना अजून नाही. म्हणून पोट्ट्याच्या स्कॉलरशिपसाठी कोणी रजिस्टरवर सही करत नाही अन् रविवारी मात्र पहिल्या बाकावर बसतं. माझ्या मनात तरी त्यांच्याबद्दल काही किंतु नाही, ज्यानं जातीचा दाखला हातात धरून लाइनीत उभं राहून पाहिलं त्याला हे समजतं. फादर विचारतही नाहीत. हे मला या चर्चचं सगळ्यात समजदार काम वाटतं.

सणवार. नाताळ सगळीकडं असतो, इथंही असतो, गव्हाणीत कोळशाच्या खड्यांची टेकडी करतात, तेवढी पाहून घ्या. पण यायचंच असेल तर ४ डिसेंबरला किंवा १ मेला या. ४ डिसेंबर म्हणजे संत बार्बरा, खाणवाल्यांची अन् सुरुंगवाल्यांची संत. उजव्या कोपऱ्यात तिचा फोटो आहे, खाली खाणीतला जुना कॅप लॅम्प, टोपीवर लावायचा दिवा, टांगलेला. त्या दिवशी रिटायर झालेले सगळे लोडर, ओव्हरमन, सुरुंग उडवणारे शॉटफायरर, धर्म कोणताही असो, येतात, लॅम्पला हार घालतात, अन् मंग शेडमध्ये बसून कोणत्या इन्क्लाइनला छत कसं खाली आलं, कोण कसा वाचला, तेच तेच किस्से दरवर्षी. एक काका दरवर्षी एकाच किस्स्यात मेलेल्यांचा आकडा वाढवतात अन् बाकीचे तिथल्या तिथं त्यांना कमी करायला लावतात. १ मेला संत जोसेफ कामगार यांचा सण, पोपनं १९५५ मध्ये कामगार दिनालाच धरून ठरवलेला. आपल्याकडं तो महाराष्ट्र दिनही, त्यामुळं सकाळी झेंडा, मंग मिस्सा, मंग जेवण. युनियनचा लाल झेंडाही कंपाउंडच्या गेटला लागतो अन् त्याला कोणी हरकत घेत नाही.

जेवण आपलं भंडाऱ्यासारखंच, पोळी, आलू वांग्याची तर्रीवाली भाजी, वरण भात, बुंदी, अन् मल्याळी मावशींचं पायसम. पायसम आधी संपतं, पंगतीत मागं बसू नका. रविवारच्या चहाबद्दल तक्रार आहे, साखर फार असते अन् सांगून फरक पडत नाही.

दवाखाना सिस्टर चालवतात, आठवड्यातून तीन दिवस, बीपी शुगर तपासून गोळ्या, ड्रेसिंग, बस एवढंच, पण खोकल्याचा म्हातारा आला तर त्याच्या छातीत खाणीची धूळ आहे का साधा कफ हे त्या कान लावून अंदाजानं सांगतात अन् बहुतेक वेळा वेळेवर चंद्रपूरला पाठवतात. शाळेची मात्र पटसंख्या घसरली, आठवीच्या पुढं वर्ग बंद झाले, बसनं मुलं बाहेर जातात. लेकराची ॲडमिशन म्हणून येत असाल तर आधी चौकशी करा.

माझ्या मागण्या सोप्या आहेत. ९ ची मिस्सा सुरू करा. कौन्सिलमध्ये चाळिशीच्या आतल्या दोघा-तिघांना घ्या, त्यातली एक तरी बाई. पंखे बदला, मधला पंखा फिरतो कमी अन् बोलतो जास्त. बायकांच्या संडासाला पाणी आणा, मिरवणुकीला जेवढा खर्च होतो त्याच्या पाव हिश्श्यात होईल. अन् मयत फंडाची वही कोणी तरी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, एकच कॉपी आहे अन् ती ज्या कपाटात आहे त्याला वाळवी लागली, हे मी स्वतः पाहिलं.

फादरकडं काम असेल तर सकाळी १० नंतर जा, जन्माचा किंवा लग्नाचा दाखला पाहिजे असेल तर जुनी रजिस्टर शोधायला सॅक्रिस्टन काका लागतात अन् ते ११ च्या आधी येत नाहीत. बुधवारी जाऊ नका, त्या दिवशी फादर बाजारगावात नोव्हेनाच्या प्रार्थनेला जातात अन् ऑफिसची चावी त्यांच्याच खिशात असते.